मामांच्या पंचाहत्तरीची स्मरणिका: बारमधली वर्षं लिहायची की गाळायची?

तिसरी_घंटा

नमस्कार मंडळी. प्रश्न घरचा आहे, पण घरात काढला की ताटं आपटतात, म्हणून इथे.

माझे धाकटे मामा डिसेंबरात पंचाहत्तर पूर्ण करताहेत. हॉल घेतला, केटरर ठरला आणि स्मरणिका माझ्या गळ्यात पडली, कारण अख्ख्या गोतावळ्यात मराठी टायपिंग मलाच येतं. अडचण आहे मामांच्या धंद्याची. मामा नकलाकार. पोरवयात भंडाऱ्याकडच्या खडी गंमतमध्ये (तिकडचं रात्रभर चालणारं लोकनाट्य) नाच्या होते. नागपुरात आल्यावर गणपती-देवीच्या ऑर्केस्ट्रात गायक चहाला गेले की स्टेज सांभाळायचे. पण घर चाललं ते परमिट रूमवर. रात्री जेवणाच्या वेळेपासून शटर पडेपर्यंत हातात माइक, चावट गाणी, दुहेरी अर्थाचे किस्से आणि तोंडाने काढलेले आवाज. त्यांची 'छोटी गाडी' जुन्या लोकांना आठवत असेल: छिंदवाड्याची नॅरोगेज, डब्यात नवं जोडपं, समोरच्या बाकावर सासू. इंजिन, शिट्टी, बांगड्या, सासूचं घोरणं, सगळं एका तोंडातून.

मोठा मामेभाऊ बँकेत आहे. तो म्हणतो, बारचा ब पण नको, 'विविध ठिकाणी कार्यक्रम सादर केले' एवढंच लिही. धाकटा म्हणतो, मग उरलं काय, आधार कार्डाची झेरॉक्स छापा. मामी काही बोलत नाही. मामांना विचारता येत नाही, कारण सगळं गुपचूप चाललंय.

तुम्ही काय केलं असतं? आणि असे कलाकार कोणी पाहिले असतील तर आठवणी लिहा. पानंही भरायची आहेत.

खर्रा_घोटू

पहिला! लिहा ना राजेहो, कायले लपवता. चोरी थोडीच केली मामानं.

उमरेड_नाका

छोटी गाडी मी ऐकली आहे!! वर्धा रोडवरच्या एका बारमध्ये, कॉलेजात असताना. आम्हाला परवडायचं फक्त पापड आणि एका बाटलीत चौघं, पण त्या माणसासाठी जायचो. बारीक अंगाचा, सफारी, गळ्यात रुमाल. तेच का?

गाडीला डिझेल इंजिन लागलं तरी हे वाफेचाच आवाज काढायचे. कोणी टोकलं तर म्हणायचे, "डिझेलमध्ये शृंगार नाही भाऊ, नुसती थरथर हाय." (ती नॅरोगेज २०१५ मध्ये बंद झाली. म्हणजे आता तो आवाज मामांच्याच घशात उरला असेल तर माहीत नाही.)

आणि एक गोष्ट स्मरणिकेत नक्की टाका. या माणसाच्या तोंडून घाण शब्द कधी आला नाही. संत्र्याचं गाणं होतं त्यांचं:

संत्र्याच्या बागेत घुसला शेजारी,
रखवाला झोपला, मालक आजारी,
फांदी वाकली, हाताशी आली,
पिकली का म्हून त्यानं दाबून पाह्यली…

इथे थांबायचे. पाणी प्यायचे. रुमालाने तोंड पुसायचे. तोवर कोपऱ्यातलं टेबल ओरडून मोकळं झालेलं असायचं. मग एकदम गंभीर चेहरा करून: "संत्री ना बे! तुह्या बागेत काय लावलं हाय?" बार कोसळायचा. शब्द गिऱ्हाइकाचा, पाप गिऱ्हाइकाचं, हे नामानिराळे.

धरमपेठी

हल्ली कशालाही कला म्हणायची पद्धत पडली आहे. दारू पिऊन बसलेल्या माणसांना हसवणं फार कठीण असतं का? तुमच्या मामांबद्दल अनादर नाही, पण धनवटे रंग मंदिर असताना तिथे यांना कोणी बोलावलं का? देशपांडे सभागृहात बोलावलं का? नसेल, तर का नाही याचाही विचार व्हावा. घरातल्या मुलासुनांच्या हातात पडणारी स्मरणिका आहे. मोठ्या मामेभावाचं बरोबर आहे.

काळी_पिवळी

धरमपेठी साहेब, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी कधी इतवारीत आलात का? मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक असते. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. सोबत बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" याच्या पुढे-मागे पोट्टे जे काही ओरडतात ते ऐकलं तर मामांचं संत्र्याचं गाणं बालवाडीतलं वाटेल. गॅलरीत आज्या उभ्या राहून हसतात. तेव्हा कोणाच्या सुना बाटत नाहीत.

धरमपेठी

मारबत वर्षातून एकदा. बार रोज. फरक आहे.

खर्रा_घोटू

हाव, मारबतीत बिल नाही येत.

काउंटरवरचा

मी बरीच वर्षं एका बारच्या गल्ल्यावर बसलो. "दारू प्यायलेल्यांना हसवणं सोपं" हे ज्यानं लिहिलं त्यानं एकदा शनिवारी रात्री माइक घेऊन उभं राहावं.

प्यायलेला माणूस आधी रडतो, मग भांडतो. हसतो तो फार मधल्या वेळेत. नकलाकाराला ती वेळ ओळखावी लागते. आमच्याकडचा माणूस टेबलावरच्या बाटल्या बघून किस्सा निवडायचा. पहिल्या पेगला नेत्याची नक्कल, दुसऱ्याला नवरा-बायको, तिसऱ्यानंतर चावट, आणि एखाद्या टेबलावर आवाज चढला की लगेच आईवरचं गाणं. भांडण जागेवर विझायचं. मालक त्याला पगार गाण्याचा द्यायचा, पण खरं काम ते होतं. काचा फुटल्या नाहीत म्हणून किती वाचले याचा हिशोब कोणी ठेवत नाही.

बाहेरच्या लोकांना आणखी एक कळत नाही. वर्धा जिल्हा १९७४ पासून कोरडा, गडचिरोली १९९३ पासून, चंद्रपूरही २०१५ ते २०२१ बंद. तिथला तहानलेला नागपूरला येणार. आणि डिसेंबरात अधिवेशन. त्या दिवसांत फाइल घेऊन आलेला, मोर्चा घेऊन आलेला आणि मोर्चा अडवायला आलेला, तिघं शेजारच्या टेबलांवर. नकलाकाराची खरी परीक्षा तेव्हा. कोणाची नक्कल कोणासमोर करायची हे चुकलं तर दुसऱ्या दिवशी बारचं लायसन्स तपासायला माणूस हजर.

उमरेड_नाका

@काउंटरवरचा, आईवरचं गाणं! हे आमच्याही लक्षात आलं होतं, पण कारण आज कळलं.

झाडीचा_पोट्टा

तिसरी_घंटा भाऊ, तुम्ही खडी गंमत एका ओळीत उरकली. अन्याय आहे हा. बारमधला नकलाकार कुठून आला ते तिथंच आहे.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: शाहीर, ढोलकीवाला, चोनकंवाला (चोनकं हे तिकडचं वाद्य), टाळवाला, सगळे रात्रभर उभे. समोर लुगडं नेसलेला नाच्या, म्हणजे गडीमाणूस. शाहीर गंभीर काही बोलला की नाच्या त्याचा अर्थ वाकडा करणार. संत्र्याच्या गाण्यात मामा जे पाणी पिऊन थांबतात ना, ते तिथलं. फक्त तिथं थांबल्यावर गाव उत्तर द्यायचं, इथं टेबल.

आणि आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, हे अजून जिवंत आहे. भाऊबीजेनंतर मंडई, म्हणजे गावच्या जत्रा, सुरू झाल्या की वडशाच्या नाटक कंपन्यांना उसंत नसते. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटे संपते. गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ ची पद्मश्री मिळाली, त्यांची ओळख विनोदी भूमिकांची. म्हणजे दिल्लीला चालते, बँकेतल्या मामेभावाला चालत नाही?

आता वाईट बाजूही सांगतो. शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) नावावर गावोगाव 'हंगामा' सुरू झाला. रेकॉर्ड लावायची, पोरी नाचवायच्या, मधात ना किस्सा ना गाणं. त्याला मी खडी गंमत म्हणणार नाही. कपडे काढायला कलाकार लागत नाही, ठेकेदार लागतो.

पुणेकर_नाइलाजाने

विठाबाई नारायणगावकरांचं उदाहरण घ्या. राष्ट्रपतींकडून सन्मान, आता त्यांच्या नावाने सरकारचा पुरस्कार, आणि शेवटचे दिवस हलाखीत. आपण कलावंत मेल्यावरच

झाडीचा_पोट्टा

भाऊ, विठाबाईंना दंडवत. पण इथं विदर्भाचं चाललंय. प्रत्येक धाग्यात नारायणगाव आणता तुम्ही.

पुणेकर_नाइलाजाने

वाक्य तरी पूर्ण करू द्या हो. मोबाइलवरून चुकून पाठवलं गेलं.

कलम_२९४

कायद्याचं थोडं, कारण वर 'अश्लील' हा शब्द फार सैल वापरला जातोय.

सार्वजनिक जागी अश्लील कृत्य किंवा गाणं यासाठी जुन्या दंडसंहितेत कलम २९४ होतं. १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत तेच २९६ झालं. (आयडी बदलायचा कंटाळा.) त्यात एक अट आहे जी पोलीस आणि नातेवाईक दोघंही विसरतात: त्या कृत्याने कोणाला तरी त्रास व्हायला हवा. आपल्याच नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२३ मध्ये उमरेडजवळच्या एका रिसॉर्टमधल्या नाचगाण्याचा गुन्हा रद्द केला. तोकडे कपडे आणि हावभाव यांना आपोआप अश्लील म्हणता येणार नाही असं म्हटलं. पाहणाऱ्यांपैकी कोणाची तक्रारच नव्हती.

डान्स बारची कथा आणखी मजेशीर. २००५ मध्ये राज्याने बंद केले, पण तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट ठेवली! तोच नाच गालिच्यावर झाला तर संस्कृती. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ते रद्द केलं, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये रद्दच ठेवलं, मग २०१६ चा नवा कायदा आला आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यातल्या बऱ्याच अटी गळल्या. आज परिस्थिती अशी की नोट हातात दिली तर टीप, वर उडवली तर गुन्हा.

आणि जुनी गंमत. स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांतात खेर सरकारने तमाशावर बंदी घातली होती. नागपूर तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी. ती बंदी इथल्या खडी गंमतला लागूच नव्हती.

काउंटरवरचा

२००५ नंतर नाचणाऱ्या तर गेल्याच, पण नकलाकारही गेले, हे कोणी लिहीत नाही. त्यांच्यावर बंदी नव्हती. मालक घाबरले. माइक दिसला की धाड, अशी भीती. त्यापेक्षा मोठा टीव्ही लावला आणि क्रिकेट. टीव्हीला टीप द्यावी लागत नाही, जेवणही लागत नाही.

फिरस्ता_सिव्हिल_लाइन्स

विषयांतराबद्दल माफी, पण तोंडाने आवाज काढणाऱ्यांची चर्चा आहे तर दुसऱ्या टोकाने आवाज काढणारा माणूस राहून कसा चालेल?

जोसेफ पुजोल. १८५७ चा जन्म, मार्सेयचा पाव भाजणारा. श्वासासारखी हवा मागून आत ओढायची आणि हवी तशी सोडायची, ही त्याची सिद्धी. १८९२ मध्ये पॅरिसच्या मुलाँ रूजमध्ये लागला. तोफेचा आवाज, लग्नाच्या पहिल्या रात्रीच्या नवरीचा नाजूक आवाज, नळी लावून छोटं वाद्य, फुटभरावरची मेणबत्ती विझवणं. आणि अंगात कोट, पांढरे हातमोजे, चेहरा न्यायाधीशाचा. बायका हसून बेशुद्ध पडायच्या म्हणतात. पुढे एका मित्राच्या ठेल्यावर गर्दी जमावी म्हणून त्याने तिथे फुकट प्रयोग केला, तर मालकांनी करार मोडला म्हणून कोर्टात खेचलं. मग त्याने स्वतःचं थिएटर काढलं. पहिल्या महायुद्धानंतर स्टेज सोडून परत पाव-बिस्किटांकडे वळला, १९४५ मध्ये गेला.

धरमपेठी यांचा प्रश्न होता की मोठ्या सभागृहात का बोलावलं नाही. तिकडे बोलावलं होतं, एवढंच.

खर्रा_घोटू

😂😂😂 आमच्या हॉस्टेलला असे तीन होते, कोणी पॅरिसला नेलं नाही.

धरमपेठी

चर्चेची पातळी कुठे गेली ते पाहा.

खर्रा_घोटू

खालीच होती भाऊ, आता वास आला फक्त.

आईचा_माइक

बरेच दिवस इथे नुसती वाचते. आज लिहिते.

माझी आई ऑर्केस्ट्रात गायची, नंतर बारमध्ये. तुम्ही सगळे नकलाकाराच्या थांबण्याचं कौतुक करताय. तो थांबला की बघायचा कोणाकडे? शेजारी माइक घेऊन उभ्या असलेल्या बाईकडे. टेबलावरचेही तिच्याकडेच बघायचे. त्या वेळी तिनं काय करायचं? हसायचं. तोंड पाडलं की मालक म्हणणार, गिऱ्हाईक उठते. आईनं एका गाण्याला टाळ्या घ्यायला आठवडाभर रियाज करावा आणि या माणसानं तिच्या पदराकडे नुसतं पाहून त्याच्या चौपट टाळ्या घ्याव्या, असं रोज. रात्री परतताना पोलीस रिक्षा थांबवायचे ती आईची. नकलाकाराची लुना कधी थांबवली नाही.

सगळे तसे नव्हते. एक जण होता, तो प्रत्येक किस्सा स्वतःवर घ्यायचा. त्याची टक्कल, त्याची बायको त्याला घराबाहेर कशी झोपवते. आई त्याच्यासोबत काम करायला कमी पैशातही तयार असायची.

तिसरी_घंटा, तुमचे मामा कुठल्या प्रकारातले होते ते मला माहीत नाही. भाचा म्हणून तुम्हालाही कळणार नाही. ज्या त्यांच्यासोबत गायल्या त्यांना विचारा. बार लिहायचा असेल तर त्या बायकांना वगळून लिहू नका. वगळणार असाल तर मोठ्या मामेभावाचं ऐका आणि काहीच लिहू नका.

उमरेड_नाका

ताई, हे वाचून मी संत्र्याचं गाणं परत आठवलं. बाजूला एक निळ्या साडीतली गायिका होती खरी. तिचा चेहरा काही केल्या आठवत नाही. मामांचा रुमालसुद्धा आठवतो.

धरमपेठी

@आईचा_माइक, तुमचा मुद्दा पटला. मला म्हणायचं होतं ते असंच काहीसं, पण मी ते संस्कृतीच्या अंगाने मांडत होतो.

आईचा_माइक

नाही, तुम्ही वेगळं म्हणत होता. तुम्हाला आईचं गाणंही सभागृहाबाहेरच हवं होतं.

तिसरी_घंटा

ताई, तुमचा प्रतिसाद मामीला वाचून दाखवला. मामी उठली, देवघराच्या कपाटातून डायरी काढली आणि एक नंबर दिला. त्या बाई आजही हळदीकुंकवाला घरी येतात म्हणे! आम्ही त्यांना 'शाळेतल्या काकू' समजत होतो, कारण लहानपणी आम्हाला तसंच सांगितलं होतं. फोन केला, रविवारी भेटणार आहे.

चहा_दांडेकर

तोवर मूळ प्रश्नावर माझं मत. मोठ्या भावाचं 'विविध ठिकाणी कार्यक्रम सादर केले' हे वाक्य नीट वाचा. उमरेड_नाका यांनी मामांची युक्ती सांगितलीच आहे: मधेच थांबायचं, उरलेलं लोक भरतात. स्मरणिकेत बावीस-पंचवीस वर्षं 'विविध ठिकाणी' म्हणून सोडली तर मांडवातले सगळे मिळून ती जागा भरतील, आणि बारपेक्षा भयंकर काहीतरी भरतील. बँकवाल्या भावाने नकळत घराण्यातला सर्वांत चावट मजकूर लिहिला आहे.

खर्रा_घोटू

रक्तातच हाय मग त्याच्या!

कलम_२९४

@चहा_दांडेकर 👏 हा युक्तिवाद मी कोर्टात वापरणार.

तिसरी_घंटा

मंडळी, दोन घडामोडी.

रविवारी काकूंना भेटलो. त्यांनी मामांना देव वगैरे केलं नाही. म्हणाल्या, "सुरुवातीला माह्यावरच करे. मले राग ये. एक दिवस त्यानं 'पाह्यली' म्हणून पाणी उचललं, तर मीच माइकवर म्हटलं, शेजाऱ्यानं पाह्यली, पण घरची बाग सुकून चालली, तिथं पाणी घाल! लोकांनी नोटा मले देल्ल्या. त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं." पुढे मालकानेच दोघांचा रोजचा सवाल-जवाब लावला आणि टीप निम्मी-निम्मी झाली. ती निम्मी मिळावी म्हणून त्यांना आधी दोन महिने काम बंद ठेवावं लागलं, हेही त्यांनी सांगितलं. मामांनी तेव्हा त्यांची बाजू घेतली का असं विचारलं, तर म्हणाल्या, "घेतली, पण उशिरा." हे मी जसंच्या तसं छापतोय. त्यांचं नाव नको म्हणाल्या, मजकूर हवा म्हणाल्या.

दुसरं, गुपित फुटलं. केटररनेच मामांना विचारलं, गोड काय ठेवू. मग सगळं सांगावं लागलं. मोठा भाऊ घाम पुसत बसला होता. मामांच्या हरकती पुढीलप्रमाणे: बार लिहा, पण मालकाचं नाव लिहू नका, तो मेला, त्याची पोरं चांगली आहेत. 'मिमिक्री आर्टिस्ट' लिहू नका, नकलाकार लिहा. एका रात्रीचे किती मिळायचे ते अजिबात लिहू नका, साळा अजून जिवंत आहे, उधार मागेल. आणि खडी गंमतमधला लुगड्यातला फोटो मुखपृष्ठावर घ्या, "तेव्हा मी तुह्या मामीपेक्षा बरा दिसो."

मामी त्यावर पहिल्यांदा बोलली: "अजूनही दिसते."

मोठा भाऊ दोन पानांपर्यंत खाली आलाय. मी चार धरून बसलोय. आता तांत्रिक मदत हवी. माळ्यावर कॅसेटचा डबा सापडला. काहींवर पांढरी बुरशी आहे, एकीची फीत तुटली आहे.

झाडीचा_पोट्टा

त्या फोटोतल्या लुगड्याचा रंग काकूंना किंवा मामांना विचारून लिहून ठेवा. जुन्या फोटोत ते कळत नाही, आणि नाच्याचं लुगडं म्हणजे त्याची इज्जत.

काउंटरवरचा

बुरशीवाली कॅसेट आधी प्लेअरमध्ये अजिबात घालू नका, हेड खराब होईल आणि पुढच्या कॅसेटलाही बुरशी लागेल. ज्या चांगल्या आहेत त्या आधी काढा. वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे, पूर्ण मागे फिरवून घ्या, म्हणजे चिकटलेली फीत सुटते. तुटलेली जोडायला साधा सेलोटेप वापरू नका, त्याचा गोंद पाझरतो. जोडायची खास पट्टी मिळते.

कलम_२९४

प्लेअरच्या लाइन-आउटमधून वायर लॅपटॉपला लावा आणि ऑडॅसिटीत रेकॉर्ड करा, ते फुकट आहे. एमपीथ्री नको, आधी वेव्ह फाइल करून ठेवा. खरखर काढायच्या भानगडीत पडू नका, ग्लासांचा आवाजही जाईल.

आईचा_माइक

त्यात बाईचा आवाज असेल तर मला कळवा. आईच्या सोबतची कोणी असू शकते. आवाजावरून ओळखेन.

तिसरी_घंटा

नक्की ताई. तुम्हालाच आधी पाठवतो.

धरमपेठी

डिजिटल झाल्यावर लिंक इथे टाकणार का? अभ्यासाच्या दृष्टीने विचारतो आहे.

खर्रा_घोटू

हेडफोन लावून अभ्यास करा साहेब, वहिनी घरी असतील.